पिशवीतली गाठ आणि कॅन्सरची भीती



या अंकात आपण गर्भाशयाच्या गाठीविषयी बोलणार आहोत. नांदेड असो की लातूर, आपल्या वस्त्यांमध्ये गर्भाशयाला कोणी गर्भाशय म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. म्हणून आम्हीही इथे तोच शब्द वापरतो. विहारात वंदना आटोपली की एखादी ताई हळूच बाजूला बोलावते आणि पिशवीतून दवाखान्याची फाईल काढते. फाईलमध्ये सोनोग्राफीचा एक कागद असतो आणि सोबत तोंडी सांगितलेले एक वाक्य: "पिशवीला गाठ आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल." गाठ आहे हे खरे असू शकते. पण त्या वाक्यातले पुढचे सगळे बहुतेक बायांच्या बाबतीत खरे नसते, आणि तेच नीट समजून घ्यायचे आहे.

पिशवीची भिंत स्नायूंची बनलेली असते. त्या स्नायूंतच काही पेशी वाढून घट्ट गोळा तयार होतो. यालाच फायब्रॉईड म्हणतात. तो हरभऱ्याएवढा असतो, लिंबाएवढा असतो, कधी नारळाएवढाही होतो. एकच असेल असे नाही, पाच-सहाही असतात. बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर तो वाढतो. म्हणून तिशी-चाळिशीत तो जास्त दिसतो आणि पाळी कायमची गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसतो. तिखट खाल्ल्याने, नसबंदी केल्याने किंवा कोणाची नजर लागल्याने तो होत नाही.

हा गोळा किती बायांना असतो? आपल्याला वाटते त्याहून कितीतरी जास्त. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि काळ्या स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींच्या पिशवीत फायब्रॉईड निघाले. त्यातल्या पुष्कळ जणींना त्याचा काहीच त्रास नव्हता. तपासणी झाली नसती तर जन्मभर कळलेही नसते. आपल्याकडेही पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि भलतीच गाठ हाती लागली, असे रोज घडते. दुखण्याचे कारण मुतखडा असतो, पण कागदावर फायब्रॉईड लिहिलेले असते आणि घरातल्यांची झोप उडते.

गाठीचा कॅन्सर होतो का?

फायब्रॉईड ही साधी गाठ आहे. ती आजूबाजूला पसरत नाही, रक्तातून दुसरीकडे जात नाही. पिशवीच्या स्नायूंचा एक कॅन्सर असतो, त्याला सार्कोमा म्हणतात. तो भयंकर आहे, पण फार दुर्मिळ आहे, आणि तो बहुधा पहिल्यापासूनच वेगळा असतो. आज साधी असलेली गाठ उद्या सार्कोमा होईल, असे जवळजवळ होतच नाही. अडचण एवढीच की सोनोग्राफीत दोन्ही कधीकधी सारख्या दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये असा अंदाज दिला की फायब्रॉईड समजून ऑपरेशन केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीच्या गाठीत सार्कोमा निघतो. इतर काही अभ्यासांत हे प्रमाण आणखी कमी, हजार-दोन हजारांमागे एक असे आले आहे. आणि हा हिशेब फक्त ऑपरेशनपर्यंत पोचलेल्या बायांचा आहे. ज्यांची गाठ कधी कापावीच लागत नाही, अशा बाया याहून कितीतरी जास्त आहेत.

२०१४ चा तो इशारा नेमका कशासाठी होता, तेही सांगायला हवे, कारण दुर्बिणीचे ऑपरेशन आता नांदेड-लातूरमध्येही सर्रास होते. दुर्बिणीने काढलेली मोठी गाठ छोट्या भोकातून बाहेर यावी म्हणून पोटातच यंत्राने तिचे तुकडे करतात. त्या गाठीत कॅन्सर दडलेला असेल तर त्याचे कण पोटभर पसरतात. म्हणून पाळी गेलेल्या किंवा पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या गाठीचे असे पोटात तुकडे करू नयेत. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारावे: "गाठ अखंड काढणार की तुकडे करून?"

मग काळजी कधी करायची? पाळी जाऊन वर्ष झाले आणि तरीही गाठ वाढते आहे, तर. पाळी गेल्यानंतर अंगावरून पुन्हा रक्त गेले, एक डाग जरी दिसला, तर. पुष्कळ जणी म्हणतात, "पाळी परत आली, अंगात ताकद आली." गेलेली पाळी वर्षानंतर परत येत नसते. तो डाग पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकतो. वजन जास्त असलेल्या आणि शुगर असलेल्या बायांना हा धोका अधिक असतो. असा डाग दिसला तर आठवडाभरात दवाखाना गाठावा. लवकर सापडला तर हा कॅन्सर बरा होतो.

कागद वाचायला शिकू या

सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि भीती तिथेच सुरू होते. त्यातले नेहमी येणारे शब्द आम्ही सोपे करून सांगतो. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवा आणि जुना रिपोर्ट काढून ताडून पाहा.

"बल्की युटेरस" म्हणजे पिशवी जरा मोठी. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईची पिशवी कुमारिकेपेक्षा मोठीच असणार. "पिशवीला सूज आली" असे जे सांगतात ते पुष्कळदा याच शब्दाचे मराठी असते. नुसत्या या एका शब्दावर ऑपरेशन होऊ शकत नाही.

"नेबोथियन सिस्ट" हा शब्द वाचून बायांचे हातपाय गळतात. पिशवीच्या तोंडावरच्या ग्रंथीत पाणी साचून झालेला तो बारीक फोड असतो. त्याला औषधही लागत नाही. "सर्व्हिसायटिस" म्हणजे पिशवीच्या तोंडाचा दाह. अंगावरून पांढरे जाण्याचे ते एक कारण असू शकते. त्यावर गोळ्या असतात, आणि गरज पडल्यास नवऱ्यालाही त्याच वेळी घ्याव्या लागतात. पांढरे जाते म्हणून पिशवी काढणे म्हणजे छत गळते म्हणून घर पाडण्यासारखे आहे.

"फायब्रॉईड"च्या आधी एक शब्द असतो, तो महत्त्वाचा. "सबसेरस" म्हणजे गाठ पिशवीच्या बाहेरच्या अंगाला आहे. अशी गाठ बहुधा गप्प असते. फार मोठी झाली तर लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर दाब देते. "इंट्राम्युरल" म्हणजे भिंतीच्या आत. "सबम्युकस" म्हणजे आतल्या पोकळीत डोकावणारी. ही आकाराने बोराएवढी असली तरी सगळ्यात जास्त रक्त हीच पाडते, आणि दिवस राहण्यातही हीच अडथळा आणते. म्हणून नुसते "तीन सेंटीमीटरची गाठ" ऐकून घाबरू नये आणि गाफीलही राहू नये. ती कुठे आहे हे आधी विचारावे.

शेवटचा शब्द "एंडोमेट्रियल थिकनेस", म्हणजे अस्तराची जाडी. पाळी चालू असताना ती महिन्याभरात कमी-जास्त होत राहते. पाळी गेल्यावर रक्त जात असेल आणि ही जाडी ४ मिलिमीटरहून जास्त असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. आम्हाला विचाराल तर सगळ्या कागदात हा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्रास असेल तर उपाय काय?

गाठ आहे पण त्रास नाही, तर बहुतेक वेळा काहीच करायचे नसते. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा सोनोग्राफी करून वाढ पाहायची, एवढेच.

आपल्या बायांना गाठीचा खरा त्रास होतो तो रक्ताचा. पाळी आठ-दहा दिवस चालते, गोळे पडतात, कपड्यावर कपडे बदलावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा अंगातून दर महिन्याला जास्तीचे रक्त गेले की चढण चढताना दम लागतो, पायावर सूज येते, डोळ्यापुढे अंधारी येते. गाठीमुळे कॅन्सर होईल ही भीती बाळगणारी बाई या रक्तक्षयाकडे मात्र बघत नाही. जीव याने जातो. हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या आशाताईकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या जेवणानंतर लिंबू-पाण्यासोबत घ्याव्यात, चहासोबत नाही. शौचाला काळे होते म्हणून बंद करू नयेत, ते होणारच.

रक्त कमी जावे म्हणून पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या असतात, उदाहरणार्थ ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. त्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मेडिकलमधून आणू नयेत, कारण पूर्वी पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरतात. हार्मोन असलेली तांबी पिशवीत बसवली तर पाच वर्षे किंवा त्याहून जास्त काळ रक्तस्राव पुष्कळ कमी राहतो. साधी कॉपर-टी मात्र रक्त वाढवू शकते. ती बसवल्यापासून त्रास असेल तर आधी तसे सांगावे. मूल हवे असेल तर पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते. आतल्या पोकळीतली गाठ तर योनीमार्गातून दुर्बीण घालून, पोटाला टाका न घालता काढतात. मोठ्या शहरांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही उपचार आहे.

आणि कधीकधी पिशवी काढणेच योग्य असते. मुले झाली आहेत, गाठी मोठ्या आहेत, औषधे घेऊनही रक्त थांबत नाही, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा खाली जाते, अशा बाईने आमचा हा लेख वाचून ऑपरेशन टाळू नये. दर तासाला पॅड भिजत असेल, लिंबाएवढे गोळे पडत असतील, उठताच चक्कर येत असेल, तर सल्ले विचारत बसू नका. रात्र असली तरी सरळ सरकारी दवाखान्यात जा.

बीडमध्ये काय घडले

पिशवी काढण्याचा विषय आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे नाव न घेता पुरा होत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. पांढरे जाते, पाळीत दुखते, अशा गोळ्या-औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन बाया दवाखान्यात गेल्या होत्या आणि कॅन्सरची भीती घालून त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतले गेले, असे अनेकींनी सांगितले. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले.

यात दोष एकट्या डॉक्टरांवर टाकून भागत नाही. कोयत्यावर नवरा-बायकोची जोडी जाते, उचल आधीच घेतलेली असते. पाळीत एक दिवस बसली की खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही. मग बाईलाच वाटू लागते की ही पिशवीच नको. आपल्याकडे मुखेड, कंधार, अहमदपूर भागातूनही लोक तोडणीला जातात, वीटभट्टीवर जातात. ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो गिरणीतल्या बाईसाठी होता. फडातल्या बाईला अजून पाळीची सुट्टीसुद्धा खाडा भरूनच घ्यावी लागते.

हे बीडपुरतेच नव्हते. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात सरकारी विमा योजनेचे पैसे उकळण्यासाठी गरज नसताना पिशव्या काढल्या गेल्या, अशी जनहित याचिका २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. बळी पडलेल्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातल्या गरीब बायांचा भरणा होता. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. म्हणून सांगतो, योजनेत फुकट बसते एवढ्या कारणावर ऑपरेशनला हो म्हणू नका.

कमी वयात पिशवी काढल्याची किंमत नंतर मोजावी लागते. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयही काढले तर पस्तिशीतच बाईला म्हातारपण गाठते. अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हात-पाय हेच जिचे भांडवल, तिने हाडे गमावली तर घर कोण चालवणार? अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचे बदल थोडे लवकर सुरू होऊ शकतात.

खरा कॅन्सर कुठे दडतो

आपल्या भागातल्या गरीब बायांचा जीव फायब्रॉईड घेत नाही. घेतो तो पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो आणि व्हायला दहा-पंधरा वर्षे घेतो. म्हणजे पकडायला भरपूर वेळ असतो. हे सिद्ध झाले तेही आपल्या लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. मुंबईचे टाटा हॉस्पिटल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास केला. वय ३० ते ५९. ज्या गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने दगावणाऱ्यांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले. २००९ साली हा निकाल जगभर छापून आला आणि अनेक देशांनी त्यावरून आपली धोरणे बदलली. आपल्या शेजारच्या बायांनी जगाला हे शिकवले, आणि आपल्या वस्तीतल्या किती जणींनी ती तपासणी केली आहे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने काही त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून पाहण्याची साधी तपासणी असते. पाच मिनिटे लागतात, दुखत नाही. संबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे डाग पडणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही लक्षणे असतील तर वाट पाहू नये. मुलींसाठी लसही निघाली आहे; पुण्याच्या सीरम संस्थेची 'सर्व्हाव्हॅक' २०२३ पासून बाजारात आहे. ९ ते १४ या वयात ती सगळ्यात चांगली लागू पडते.

ऑपरेशन सांगितले तर

घरी येऊन दोन दिवस विचार करा. रक्त धो धो वाहत नसेल तर फायब्रॉईडच्या ऑपरेशनला दोन दिवसांनी काही बिघडत नाही. "आजच भरती व्हा" असे कोणी म्हणाले तर कारण विचारा. औषधाने किंवा नुसती गाठ काढून भागेल का, अंडाशय ठेवणार का, हे विचारा. कॅन्सरची शंका आहे असे सांगितले असेल तर ऑपरेशनच्या आधी तुकडा काढून तपासला का, हे विचाराच; तो रिपोर्ट हातात मागा. चाळिशीपुढच्या बाईला अनियमित रक्त जात असेल तर हा तुकडा तपासणे आवश्यकच असते.

दुसरे मत घ्यायला मुंबईला जायची गरज नाही. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सर्व तपासण्या आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत नांदेड होता. आता ती सर्व रेशनकार्डधारकांना आहे. योजनेतल्या दवाखान्यात दारापाशीच आरोग्यमित्र बसतो, कागदपत्रांचे त्याला विचारावे. जाताना रेशनकार्ड, आधार, जुने सर्व रिपोर्ट आणि गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहिलेली चिठ्ठी न्यावी. शक्य असेल तर नवऱ्याला किंवा मोठ्या मुलीला सोबत न्यावे, कारण डॉक्टरांसमोर एकटी बाई निम्मे विसरते.

ऑपरेशन झालेच, तर काढलेली पिशवी किंवा गाठ फॉर्मलिनच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत जाते. तिथल्या तपासणीला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात आणि त्या गाठीत कॅन्सर होता की नव्हता, हे तोच कागद सांगतो. साधारण आठ-पंधरा दिवसांत तो येतो. टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डासोबत जपून ठेवा. कॅन्सरच्या नावाने पिशवी काढली आणि ती तपासायलाच पाठवली नाही, असे उत्तर मिळाले तर ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा आणि कार्डाची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात अर्जासोबत द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात या, आपल्यातली शिकलेली मुले लिहून देतील. पोचपावती मात्र शिक्का मारून घ्यायची.